चिप न पडणारे सेकंद

वाळूजच्या एमआयडीसीत दुचाकीचे सुटे भाग करणाऱ्या लहान शेडमध्ये एखादं व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं, टूल फिरवून कापणारं मशीन) असतं, एक-दोन सीएनसी लेथ (प्रोग्रामवरच चालणारी, पण भाग फिरवून कापणारी मशीनं) असतात आणि भिंतीवर सायकल टाइमचा, म्हणजे एका भागाला लागणाऱ्या वेळेचा, तक्ता. मशीनसमोर उभा राहिलो की मी कापणं थांबायची वाट बघतो. एक टूल (कापायचं हत्यार) जातं, दुसरं येतं, चार-पाच सेकंद. तेवढ्या वेळात चिपचा, म्हणजे कापलेल्या धातूच्या किसाचा, कणही पडत नाही, म्हणून मालकाला ते सेकंद खुपतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा स्वभाव मला मात्र तिथेच कळतो.

प्रोग्राममध्ये 'टी०५' आलं की मॅगझिन, म्हणजे टूलं ठेवायचा साठा, फिरतं आणि पाच नंबरचं टूल बदलाच्या जागेवर येऊन थांबतं. स्पिंडलमधलं (टूल धरून फिरवणाऱ्या दांड्यातलं) टूल अजून आपल्या कामात. 'एम०६' (टूल बदलायचा हुकूम) आलं की मग खरी धांदल. स्पिंडल वर जातं, ठराविक कोनातच थांबतं, कारण त्याच्या किल्ल्या (टूलला फिरवणारे ठोकळे) टूल धरणाऱ्या होल्डरच्या खाचांत बसायच्या असतात. आर्म, म्हणजे मशीनचा दुटोकी हात, एका टोकाने जुनं टूल धरतो, दुसऱ्याने नवं. आतल्या स्प्रिंगांची पकड सुटते, हवेचा फवारा टेपर (होल्डर बसतो ती निमुळती जागा) साफ करतो, आर्म अर्धा वळसा घेतो, पकड पुन्हा घट्ट. १९५८ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या कीर्नी अँड ट्रेकर कंपनीने आपोआप टूल बदलणारं मशीन आणलं. त्याआधी पंच केलेल्या टेपवर चालणारी मशीनंही टूल बदलायला माणसाचीच वाट बघत थांबायची.

बोलावणं वेगळं आणि बदलणं वेगळं, हे मला फार आवडतं. ज्वारीची एक भाकरी तव्यावर असताना दुसरी परातीत थापली जात असते, तसंच हे. सराईत माणूस 'एम०६'च्या लगेच खाली पुढच्या टूलचा टी लिहून मोकळा होतो. ड्रिल खाली भोक पाडतंय तोवर मॅगझिन मागे टॅप (भोकात आटे पाडणारं टूल) शोधून ठेवतं. नवशिका दोन्ही एकाच ओळीत लिहितो आणि मॅगझिन फिरेपर्यंत स्पिंडल ताटकळतं. चूक काहीच नाही, जॉब, म्हणजे करायचा भाग, बरोबरच निघतो. छत्रीच्या आकाराच्या मॅगझिनवर मात्र ही हुशारी चालत नाही. तिथे आर्मच नसतो. जुनं टूल आधी त्याच्या घरात ठेवायचं, मग छत्री फिरणार, मग नवं उचलायचं.

आमच्या शेडमधले सेटर (मशीनवर टूल आणि जॉब लावून देणारे), सगळे त्यांना मामाच म्हणतात, प्रोग्राम वाचताना आधी टूलचा क्रम बघतात. समजा फिक्स्चरवर (जॉब पकडायच्या साच्यावर) चार जॉब आहेत आणि प्रत्येकाला सेंटर ड्रिल (भोकाची जागा खुणावणारं), ६.८ मिमीचं ड्रिल आणि एम८चा, म्हणजे ८ मिमी आट्यांचा, टॅप हवा. एकेक जॉब पूर्ण करत गेलं तर बारा वेळा टूल बदलतं. सेंटर ड्रिल चारही जॉबवर फिरवून मग पुढचं टूल घेतलं तर तीनदा. "मॅगझिनला रिकामं कशाला पळवायलास?" हा मामांचा ठरलेला प्रश्न. यात मी त्यांच्याच बाजूचा. पण फिनिशिंगच्या, म्हणजे शेवटच्या बारीक कापणीच्या, टूलवर आमचं पटत नाही. तेच एंडमिल (कडेनेही कापणारं टूल) रफिंगलाही, म्हणजे आधीच्या जाड कापणीलाही, वापरून एक बदल वाचवावा असं त्यांना वाटतं. रफिंगमध्ये झिजलेल्या धारेने फिनिशिंग केलं की मापाच्या मागे धावण्यात वाचवलेले सेकंद कधीच संपून जातात, असं माझं म्हणणं.

एवढी चपळाई असूनही मशीनला टूल दिसत नाही, हे विसरून चालत नाही. पाच नंबरच्या पॉकेटमध्ये (मॅगझिनच्या खणात) ड्रिल आहे की टॅप, हे साध्या मशीनला कळत नाही. टूल किती लांब आहे तेही 'जी४३ एच०५' (पाच नंबरला नोंदलेली लांबी धर) वाचून ते खरं मानतं. टी पाचचा आणि एच चुकून सहाचा पडला, तर ते सहाचीच लांबी धरून बिनधास्त खाली उतरतं. आर्मवाल्या मशीनवर जुनं टूल नव्याच्या रिकाम्या झालेल्या पॉकेटमध्ये जातं, त्यामुळे कोणतं कुठे बसलंय याची नोंद कंट्रोल (मशीनचा संगणक) स्वतः ठेवतो. कुणी दार उघडून हाताने अदलाबदल केली की ती नोंद खोटी ठरते. म्हणून सेटिंगनंतरच्या पहिल्या जॉबला सिंगल ब्लॉकवर (एका वेळी प्रोग्रामची एकच ओळ चालवणाऱ्या बटणावर) बोट ठेवून उभं राहणारा ऑपरेटर मला शहाणा वाटतो, कितीही घाई असो.

लेथवर सगळं आटोपशीर. फॅनुक कंट्रोलच्या नेहमीच्या पद्धतीत 'टी०४०४' म्हणजे टरेटचं (टूलं बसवलेल्या फिरत्या चकतीचं) चौथं स्टेशन आणि चौथा ऑफसेट (टूलच्या मापाची नोंद). एम०६ लागतच नाही, टरेट तिथल्या तिथे फिरतो. नंबरच्या या दोन जोड्या सारख्याच असाव्यात असा नियम नाही. ग्रूव्हिंग (खाच पाडणाऱ्या) टूलच्या डाव्या कोपऱ्याला 'टी०४०४' आणि उजव्याला 'टी०४१४' दिलं, तर इन्सर्ट (टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा) एकच राहतो आणि खाचेच्या दोन्ही भिंतींचं माप वेगवेगळं सावरता येतं. मामा हे नव्या पोरांना शेवटी शिकवतात. आधी शिकवलं तर ती सगळीकडे तेच करायला लागतात.