मोठ्या गटाला 'परिसर' शिकवताना : माझा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागातील एका बालवाडीत मी मोठ्या गटाला शिकवते. वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड किंवा उर्दू, आणि मराठी थोड्यांच्याच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर ठरवून खेळ व अनुभव यांवर भर दिला, तेव्हा आमच्याकडेही 'परिसर' या विषयाची आखणी नव्याने करायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र ही नावे या वयात निरर्थक असली, तरी आधी काय होते, कोण कुठे राहते आणि नंबर कोणाचा, हे प्रश्न मुले दिवसभर विचारतच असतात. तेव्हा धडे त्यांतूनच काढायचे, असे मी ठरवले.

'आपले मदतनीस' या तक्त्यावर कुंभार, लोहार, पोस्टमन होते. यंत्रमाग चालवणारे वडील किंवा विड्या वळणारी आई मात्र कुठेच नव्हती. म्हणून मी तक्त्याशेजारी कोरा कागद लावला आणि आपापल्या घरची कामे मुलांनाच सांगायला लावली. पुढे एका मुलीचे आजोबा, ज्यांची हयात मागावर गेली, चादर आणि सुताची कांडी घेऊन वर्गात आले. चादर पसरताच एक मुलगा तिच्याखाली शिरला आणि वरचे लाल फूल खालून पांढरे दिसते, हे त्याने ओरडून सगळ्यांना सांगितले. मग जाड पुठ्ठ्याला खाचा पाडून उभे दोरे ताणले आणि मुलांनी कापडाच्या पट्ट्या एकीवर एक खाली-वर ओवल्या. पट्टी जोराने ओढली की पुठ्ठा वाकायचा. "ओढू नको रे, बसू दे तिला," असे आजोबा शांतपणे सांगत आणि मुले त्यांना 'तात, तात' (तेलुगूत आजोबा) करत भंडावून सोडत.

विड्यांचा प्रश्न अवघड होता. तंबाखू वर्गात नको, पण ज्या कामावर घर चालते ते लपवण्यासारखे आहे, असेही मुलांना वाटता कामा नये. एका आईला मी सांगितले, "ताई, तंबाखू घरीच ठेवा, फक्त पाने, कात्री आणि फर्मा आणा." त्यांनी पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून एका मापाचे तुकडे झपाझप कापून दाखवले. मुलांनी तोच फर्मा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने गिरवला. त्यांच्या मुलीचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता.

काळाची जाणीव करून देणे सर्वांत कठीण. पाच वर्षांच्या मुलाला 'काल' म्हणजे मागचा कोणताही दिवस. आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही, आणि ते कधी येणार हे घरोघर सगळ्यांच्या तोंडी असते. त्यामुळे कॅलेंडरवर पाण्याच्या दिवशी निळा ठिपका द्यायला लागल्यावर 'परवा' आणि 'तेरवा' आपोआप जागेवर बसले. ते पाणी भीमेवरच्या उजनी धरणातून येते, हे सांगताना नळ, टाकी, जलवाहिनी आणि धरण अशी दोरी वर्गभर पसरली. ठोकळे मांडून परिसराचा नकाशा करणे त्या मानाने सोपे गेले.

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक मुलांनी काठ्यांना कागदाची फुले बांधून वर्गातच काढली. काठी सगळ्यांनाच हवी होती, म्हणून रांग, पाळी आणि पाणी वाटणाऱ्याचे काम हे नियम त्यांनीच भांडून ठरवले.

त्याच आठवड्यात १२ जानेवारी येते. १९३१ मध्ये या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. मी मुलांना चार हुतात्म्यांचे पुतळे दाखवते, चारही नावे म्हणवून घेते आणि हे वेगवेगळ्या घरांतले चौघे एका कामासाठी एकत्र आले, एवढेच सांगते. फाशीचा विषय मी स्वतःहून काढत नाही. एका मुलाला मोठ्या भावाकडून ते कळले होते आणि त्याने सर्वांसमोर विचारले. तेव्हा "हो, तेव्हाच्या इंग्रज सरकारने त्यांना मारले," असे मी सरळ एका वाक्यात सांगितले. त्याने पुढचा प्रश्न विचारला : "मग त्यांच्या आईला कोणी सांगितलं?" त्यावर वर्गात बराच वेळ बोलणे झाले आणि त्या दिवशीचा अक्षरांचा तास राहून गेला.