लोणंद ते बरड, आम्ही तिघं

आक्का आणि तात्या मला केमोच्या वॉर्डात भेटले. पहिल्यांदा ते लाल औषध चढत होतं तेव्हा शेजारच्या खुर्चीतून आक्का म्हणाली, "संध्याकाळी लघवी लाल व्हईल. भिऊ नगंस, औषधाचा रंग हाय त्यो, रगात न्हवं." घरच्यांनी मनापासून धीर दिला होता, 'होईल सगळं बरं' म्हणून. पण त्या रात्री झोप लागली ती आक्काच्या या वाक्यावर.

तात्या कोरेगावकडचे. घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं, आता श्वास गळ्याच्या छिद्रातून चालतो. उभी हयात भजनात पुढं गाणारा माणूस, त्याचा आवाज गेला. बोलायचं ते खिशातल्या वहीत लिहितात. वारीचं त्यांनीच लिहून विचारलं: "लोणंदपासून बरडपर्यंत येता का दोघी? आपला जिल्हा तरी चालू." माऊलींचा आजचा पालखी सोहळा सुरू करणारे हैबतबाबा आपल्या साताऱ्याच्या आरफळचे, याचा तात्यांना फार अभिमान. त्यांच्या जुन्या दिंडीने आम्हालाही सामावून घेतलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी ठीक होत्या, मग परवानगी मिळाली. अटी दोन. आम्हा दोघींचा कॅन्सर स्तनाचा, म्हणून काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला ओरखडा नको, त्यावर ओझं नको. आणि अनवाणी चालायचं नाही, कारण नंतरच्या औषधाने आम्हा दोघींचे तळवे बधिर झालेत. फोड आला तरी कळत नाही. म्हणून मुक्कामाला पोचलं की राहुटीत आक्का माझे पाय मांडीवर घ्यायची, बॅटरी लावून बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघायची. मग मी तिचे बघायचे. शेजारच्या बायका आधी नवलाने बघायच्या, नंतर त्याच पाणी गरम करून द्यायला लागल्या.

लोणंद ते तरडगाव टप्पा तसा छोटा, पण वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, तिथं पहिलं उभं रिंगण. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिंड्या उभ्या राहिल्या, मधून अश्व धावणार. मला काळजी होती धुळीची. आपल्या नाकात धूळ अडते, तात्यांची थेट फुफ्फुसात जाते. त्यांनी गळ्यावरचा सुती रुमाल सोडला, आक्काने बाटलीतलं पाणी ओतून घट्ट पिळला आणि परत बांधून दिला, लहान पोराच्या शर्टाचं बटण लावावं तसा. तेवढ्यात अश्व आले. स्वाराचा पुढं, माऊलींचा मागं. गर्दीतून एकच आवाज उठला आणि तात्या टाळ वाजवत होते. ओठ हलत होते, शब्द सगळे तेच, नुसता आवाज नव्हता. टाळाचा ठोका मात्र एकदाही चुकला नाही. त्यांच्या मागचा तरुण विणेकरी त्यांच्याकडे बघून लय धरत होता, हे मी स्वतः पाहिलं. अश्व गेल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले. आक्काने चिमूटभर घेतली, माझ्या कपाळाला लावली, तात्यांच्याही.

मग बायकांनी फुगडीला ओढलं. माझा डावा हात कुणी धरणार एवढ्यात आक्का ओरडली, "त्यो हात न्हाई, एका हाताची घाला!" आम्ही दोघींनी उजवे हात धरून फुगडी घातली. ऑपरेशननंतर इतकी मोकळी मी कुठंच हसले नव्हते.

फलटणच्या मुक्कामात दिंडीतली एक बाई अंधार पडल्यावर आक्काजवळ येऊन बसली. छातीत गाठ आहे, दुखत नाही म्हणून घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आक्काने स्पष्ट सांगितलं, "माझीबी दुखत नव्हती. न दुखणारीच आधी दाखवायची असती." वारीत सगळेच माऊली, त्यामुळे कुणाच्या आजाराची चौकशी होत नाही आणि नकोशी कीवही वाट्याला येत नाही, पण बोलायचं असलं तर बसायला माणूस मिळतो. त्या बाईने वारीहून परतल्यावर नवऱ्याला घेऊन तपासणीला जाते असं कबूल केलं. आक्काने तिचा नंबर घेतला आणि नंतर पाठपुरावाही केला.

बरडला आम्ही दोघी थांबलो. तात्या दिंडीबरोबर पुढं पंढरपूरला गेले. निघताना वहीत लिहिलं: "आक्काचा स्कॅन झाला की आधी मला कळवायचं."

स्कॅन झाला. यकृतात डाग दिसलाय. नवीन औषध सुरू केलंय, दर तीन आठवड्यांनी. आक्काची सून शेतावर असते, म्हणून सोबत मी जाते. तात्या कोरेगावहून एसटीने येतात आणि तिच्यासाठी नाचणीची पेज आणतात, मीठ कमी घातलेली, कारण तोंड आलं की मीठ झोंबतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.