शालू कोणत्या रंगाचा होता?

गेल्या रविवारी सकाळी चहा गाळता गाळता लेकीनं तिचं स्वप्न सांगायला घेतलं. कॉलेजच्या गॅदरिंगला ती उशिरा पोचते आणि बघते तर सगळं ऑडिटोरियम पोपटी रेनकोट घालून बसलेलं. आम्ही हसलो. बाबांनी मात्र पेपर खाली ठेवला.

"पोपटी? स्वप्नात रंग दिसतात तुला?"

"म्हणजे काय आबा! तुम्हाला नाही दिसत?"

"नाही बुवा. स्वप्नाला कसला आलाय रंग!"

"मग काय निगेटिव्ह दिसते?" कार्टी हजरजबाबी आहे.

बाबा ८६ वर्षांचे. सासवडमध्ये चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. काळ्यापांढऱ्या फोटोंना हातानं रंग देण्यात ज्या माणसाचं अर्धं आयुष्य गेलं, त्याची स्वप्नं बिनरंगी, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. आई लगेच स्वयंपाकघरातून, "मला दिसतात हो. परवाच माझी आई आली होती, चिंतामणी रंगाच्या लुगड्यात." यावर बाबांचं उत्तर, "तुझी आई दुसरं नेसायची कधी? न बघताही सांगितलं असतं मी."

तेवढ्यावर विषय मिटला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना, म्हणून दुपारी वाचत बसले. बाबा एकटे नाहीत म्हणायचे. १९४२ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना हाच प्रश्न विचारला, तर शंभरातल्या सत्तर जणांनी 'स्वप्नात रंग क्वचित दिसतात किंवा दिसतच नाहीत' असं सांगितलं. एरिक श्वित्झगेबेल नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी २००१ साली कॅलिफोर्नियातल्या आपल्या विद्यार्थ्यांना तेच प्रश्न विचारले, तेव्हा असं म्हणणारे अठराच्या आसपास उरले होते. साठ वर्षांत माणसाची झोप थोडीच बदलते? बदलले ते सिनेमा, फोटो आणि टीव्ही. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात २००८ साली इव्हा मुर्झिन यांना आढळलं, की लहानपणी फक्त कृष्णधवल पडदा पाहिलेल्या पंचावन्नच्या पुढच्या लोकांच्या स्वप्नांपैकी साधारण चौथा हिस्सा बिनरंगी असतो. पंचविशीच्या आतल्या मुलांत तो पाच टक्केही भरत नाही.

गंमत म्हणजे फोटो निघण्याआधी कुणाला ही शंकाच आली नव्हती. बृहदारण्यक उपनिषदात स्वप्नाबद्दल बोलताना 'हिता' नावाच्या नाड्या येतात. केसाचे हजार भाग करावेत इतक्या बारीक, आणि त्यांत काय भरलेलं? पांढरा, निळा, पिंगट, हिरवा, तांबडा रस. पुढच्याच ओळीत स्वप्न बघणाऱ्याच्या मागे हत्ती लागतो आणि तो खड्ड्यात पडतो. म्हणजे पळता पळता पडण्याचं स्वप्न तेव्हाही पडत होतं तर!

मग आमचं काय? पुण्यात सिंहगडावरच्या टॉवरमुळे १९७३ साली टीव्ही दिसायला लागला. आमच्या आळीत तो यायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि आला तोही ब्लॅक अँड व्हाइट. १९८२ च्या एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं, पण रंगीत सेट परवडणार कुणाला? शेजारच्या काकांनी त्यावर तोडगा काढला. टीव्हीच्या काचेपुढे लावायचं तीनरंगी प्लॅस्टिक मिळायचं तेव्हा. वर निळं, मध्ये नारिंगी, खाली हिरवं. समुद्रकिनारा किंवा शेत असलं तर ठीक, पण बातम्या सुरू झाल्या की बाईंचे केस निळे, चेहरा नारिंगी आणि साडी रोज हिरवी. बाबा एकदाच बघायला गेले आणि "हा रंग नाही, ही रोगराई आहे," म्हणून परत आले.

त्यांना तसं म्हणायचा हक्क होता. फोटो रंगवायचा तर तो मॅट कागदावर छापून घ्यायचा, चकचकीत कागद रंग धरत नाही. रंग पारदर्शक. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून आधी चेहऱ्यावर अगदी पातळ हात, तो सुकला की गाल, मग ओठ. दागिने सगळ्यात शेवटी, दोन केसांच्या ब्रशनं. मी जवळ बसले तर श्वास पलीकडे सोडायला सांगायचे. आणि हे सगळं करण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचं : शालू कोणता होता? काठ? फेटा? उत्तर फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायचं. "शालू मोरपंखी. काठ तांबडा. फेटा गुलाबी." फोटोतल्या करड्या छटेवरून मोरपंखी ओळखता येत नाही, तांबडाही नाही. सगळी मदार सांगणाऱ्यावर.

आणि सांगणारे चुकायचे! एकदा ऑर्डर द्यायला नवरा आला आणि बेधडक "हिरवा" सांगून गेला. फोटो न्यायला बायको आली ती रडायच्या बेतात, कारण शालू होता वांगी रंगाचा. बाबा दुसरी प्रत काढून द्यायला तयार झाले, पण सासूबाई म्हणाल्या, राहू दे, हिरवाच उठून दिसतोय. तोच फोटो भिंतीवर गेला. पाचसहा वर्षांपूर्वी एका लग्नात त्यांची मुलगी भेटली. बोलता बोलता मला म्हणाली, "आईचा हिरवा शालू काय सुंदर होता!" मी काय बोलणार? पुरणपोळी वाढून घेतली.

मला वाटतं, स्वप्नाचंही असंच होत असावं. आपण जागे होतो, कुणीतरी विचारतं, शालू कोणता होता? आणि आपण बेधडक सांगून मोकळे होतो. श्वित्झगेबेलही शेवटी असंच काहीसं म्हणतात. कादंबरीत लेखकानं नायिकेच्या साडीचा रंग सांगितला नाही, म्हणून ती साडी काळीपांढरी ठरत नाही. रंगाचा विषयच निघालेला नसतो. याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही आहे म्हणा. १९६२ साली प्रयोगशाळेत झोपलेल्या माणसांना ऐन स्वप्नातून उठवून लगोलग खोदून खोदून विचारलं, तेव्हा ऐंशी टक्क्यांवर स्वप्नांत रंग निघाला. पण खोदून विचारलं की हिरवा शालूही निघतो, हे मी बघितलंय.

तरी चार दिवस उशाशी वही ठेवली. तीन दिवस कोरे गेले. चौथ्या दिवशीची नोंद : "एसटी स्टँड, पाऊस, कुणीतरी पेरू दिला, खाल्ला." आतून पांढरा होता की गुलाबी? चव आठवत होती, मीठ लावलेलंही आठवत होतं. रंगाची जागा मोकळीच. थोडा आणखी विचार केला असता तर गुलाबी झाला असता, म्हणून वही मिटली.

काल पहाटे बाबा झोपेत काहीतरी पुटपुटत होते. मी जाऊन हलवलंच.

"काय बघत होतात?"

"डार्करूम. कागद डेव्हलपरात टाकलाय आणि चेहरा वरच येत नाहीये."

"दिवा होता?"

"असणारच. लाल."

"मग बघा! रंग होता की नाही?"

बाबांनी चष्मा चाचपला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे वैतागून बघितलं. "डार्करूमचा दिवा लालच असतो, ते मला माहीत आहे. लाल दिसला असं कुठं म्हटलं मी?"

आणि कूस बदलून परत झोपले.