एचआरव्हीच्या विश्लेषणासाठी सॉफ्टवेअर निवडताना: माझा अनुभव

नाशिकमध्ये सराव करणाऱ्या लांब पल्ल्याच्या धावपटूंवर सरावाचा ताण किती पडतो आणि तो किती दिवसांत उतरतो, हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. यातील बरीच मुले-मुली सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून आलेली आहेत. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तो आदर्श आजही त्यांच्यासमोर आहे. ताण मोजण्यासाठी मी एचआरव्ही, म्हणजे हृदयाच्या लागोपाठच्या दोन ठोक्यांमधील अंतरात होणारा बदल, हे मोजमाप निवडले. पहाटे वसतिगृहातच, उठल्याबरोबर, छातीला पट्टा बांधून आणि उताणे झोपवून नोंद घ्यायची, एवढा भाग लवकर ठरला. नोंदींचे विश्लेषण कोणत्या सॉफ्टवेअरने करायचे, हा प्रश्न मात्र बराच काळ सुटला नाही.

सुरुवातीला सॉफ्टवेअर किती निर्देशांक काढून देते, याची तुलना मी करत होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एका वाक्यात दिशा बदलली: “खराब ठोक्याचं ते काय करतं, ते आधी बघ.” पट्टा सरकला किंवा एखादा ठोका अवेळी पडला की नोंदीत चुकीचे अंतर शिरते, आणि आरएमएसएसडी हा निर्देशांक लागोपाठच्या अंतरांच्या फरकांचा वर्ग करून काढला जात असल्यामुळे, पाच मिनिटांच्या नोंदीतील एक-दोन चुकीचे ठोकेसुद्धा उत्तर पार बदलून टाकू शकतात. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर असे ठोके शोधून गाळते किंवा दुरुस्त करते. हे काम प्रत्येकाची पद्धत वेगळ्या रीतीने करते, आणि माझ्या दृष्टीने निवडीचा खरा निकष हाच आहे.

सुरगाण्याच्या एका मुलाच्या नोंदीत १२५०, १५८०, १६१०, १२९० मिलिसेकंद अशी अंतरे लागोपाठ आली. श्वास घेताना हृदयगती वाढते आणि सोडताना मंदावते; कसलेल्या तरुण धावपटूंमध्ये विश्रांतीच्या वेळी हा चढउतार फार मोठा असतो. म्हणजे हे चारही ठोके अस्सल होते. परंतु ‘आधीच्या अंतरापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक फरक असेल तर ठोका बाद’ हा सर्रास वापरला जाणारा नियम लावला, की १२५० नंतरचा १५८० लगेच गळतो, कारण तो फरक सव्वीस टक्क्यांहून अधिक आहे. याचा अर्थ असा की ज्याची तंदुरुस्ती सर्वांत चांगली, त्याचीच परिवर्तनशीलता सॉफ्टवेअर कमी करून दाखवणार. क्रीडासंशोधनात ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही, असे मला मनापासून वाटते.

फिनलंडच्या कुओपिओ येथे विकसित झालेले क्युबिओस हे सॉफ्टवेअर या क्षेत्रात सर्वाधिक वापरले जाते. त्याच्या मोफत आवृत्तीत ठोक्याचे अंतर आजूबाजूच्या सरासरीपासून किती दूर आहे, यावर आधारलेली दुरुस्ती मिळते. तिच्या मध्यम पातळीला, मिनिटाला ६० ठोक्यांच्या गतीसाठी, ०.२५ सेकंदांहून अधिक फरक असलेला ठोका चुकीचा धरला जातो, तर तीव्र पातळीला ०.१५ सेकंदांहून अधिक. लिपोनेन आणि तार्वाइनेन यांनी २०१९ मध्ये मांडलेली स्वयंचलित पद्धत नोंदीतील बदलांप्रमाणे स्वतःचा उंबरठा हलता ठेवते. ती क्युबिओसच्या सशुल्क आवृत्तीत आहे आणि पायथॉन या संगणकीय भाषेतील न्यूरोकिट२ या मुक्त स्रोत संचातही आहे. आर या दुसऱ्या संगणकीय भाषेतील आरएचआरव्ही मी पाहिले, पण मला पायथॉन थोडेफार येत असल्याने तिकडे वळले नाही.

श्वासाचा आणखी एक मुद्दा होता. ठोक्यांच्या अंतरातील चढउतार सेकंदाला किती वेळा होतात, म्हणजे त्यांची वारंवारता (हर्ट्झ), यावरून त्यांचे उच्च आणि खालचा असे पट्टे पाडतात. १९९६ च्या युरोपीय-अमेरिकी मार्गदर्शक मानकांनुसार उच्च वारंवारतेचा पट्टा ०.१५ ते ०.४० हर्ट्झ धरला जातो, ०.१५ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला नऊ श्वास. आमचे कित्येक धावपटू रोज प्राणायाम करतात आणि झोपून असताना त्यांचा श्वास यापेक्षाही संथ चालतो. मिनिटाला सहा श्वास असतील, तर श्वासाचा सगळा परिणाम ०.१ हर्ट्झवर, म्हणजे खालच्या पट्ट्यात जातो, आणि परानुकंपी (शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या) चेतासंस्थेचे काम अनुकंपीच्या (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या चेतासंस्थेच्या) खात्यात मांडल्यासारखे होते. शिवाय वारंवारतेचे आकडे फूरिए, ऑटोरिग्रेसिव्ह की लॉम्ब-स्कार्गल या गणिती पद्धतींपैकी कोणत्या पद्धतीने काढले, नोंदीतील हळूहळू वर-खाली जाणारा कल आधी काढून टाकला की नाही, यावर बदलतात. त्यामुळे दोन पट्ट्यांचे गुणोत्तर मी आराखड्यातून वगळले आणि आरएमएसएसडीचा नैसर्गिक लॉगॅरिदम हाच मुख्य निर्देशांक ठेवला. दुरुस्ती सारखी असेल, तर दोन सॉफ्टवेअरमध्ये तो जवळजवळ तंतोतंत जुळतो, हे मी त्याच फायली दोन्हींकडे देऊन पडताळले.

फायलींच्या एककाकडेही लक्ष द्यावे लागते. ब्लूटूथच्या हृदयगती सेवेत अंतर सेकंदाच्या १०२४ व्या भागात येते. १२८० हा आकडा म्हणजे १२५० मिलिसेकंद. काही अॅप तो रूपांतरित करून देतात, काही तसाच देतात, आणि सॉफ्टवेअर मुकाट्याने दोन्ही स्वीकारते.

अखेर मी सर्व नोंदींसाठी न्यूरोकिट२ निवडले. खर्च नाही हे एक कारण आहेच, पण मोठे कारण असे की त्यातील दुरुस्तीची प्रत्येक पायरी उघडून वाचता येते आणि एकाच स्क्रिप्टने साऱ्या फायलींना सारखेच नियम लागतात. ज्या नोंदीत पाच टक्क्यांहून अधिक ठोके दुरुस्त होतात, ती क्युबिओसच्या मोफत आवृत्तीत उघडून आलेखावर डोळ्यांनी तपासायची आणि शंका राहिली तर वगळायची, असे ठरवले. हा पाच टक्क्यांचा नियम, स्क्रिप्ट आणि सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक मी संशोधन पद्धतीच्या प्रकरणात लिहिला आहे आणि मूळ अंतरांच्या फायली कोणतीही दुरुस्ती न करता वेगळ्या जपून ठेवल्या आहेत.