आईचा तानपुरा

रविवार, रात्री साडेदहा

आईचा जुना फोन न्यायला दुपारी एक्स्चेंजवाला माणूस येणार होता. सकाळी ती नव्या फोनसह रियाजाला बसली आणि तानपुऱ्याचं ॲप पैसे मागायला लागलं. "अगं, मी घेतलंय ना हे विकत?" तिचा चेहरा उतरला. पाच वर्षं ती रोज त्याच तानपुऱ्यावर गातेय.

फोन बदलला म्हणून विकत घेतलेलं ॲप जात नाही, एवढं मला माहीत होतं. खरेदी गूगल अकाउंटच्या नावावर असते, फोनच्या नाही. घोळ तिथेच होता. जुन्या फोनवरचं अकाउंट दुकानदाराने उघडून दिलं होतं आणि नव्यावर भाच्याने दुसरंच उघडलं. एका अकाउंटवरची खरेदी दुसऱ्यावर नेता येत नाही. पण एका फोनवर दोन अकाउंट ठेवता येतात! जुन्या फोनच्या सेटिंग्जमधून ईमेल मिळाला, पासवर्ड मात्र कुणालाच आठवेना. नव्या फोनवर 'पासवर्ड विसरलात?' दाबलं, तर जुन्या फोनवर विचारणा आली, तुम्हीच आहात का? आईनेच 'हो' दाबलं. नवा पासवर्ड तिच्या बंदिशींच्या वहीत लिहून ठेवला. काल रात्रीच मी जुना फोन फॉरमॅट करणार होते, या विचाराने अजून धस्स होतं.

मग प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवून अकाउंट बदललं. इन्स्टॉल न केलेल्या ॲपच्या यादीत तानपुरा होता. एक रुपयाही न मागता उतरला. (ताई आयफोन घ्यायचं म्हणतेय, तिला सांगायला हवं. प्ले स्टोअरवरची खरेदी तिकडे चालत नाही.)

पण आईने जुळवून ठेवलेलं काहीच आलं नाही. ते जुन्या फोनच्या पोटातच राहिलं होतं. तिची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पूर्वी पेटीवरची काळी चार होती, हल्ली पांढरी पाच. मालकंस रागात पंचम, म्हणजे 'प', नाही, म्हणून पहिली तार मध्यमाची, 'म'ची. ते सगळं तिने वर्षानुवर्षं कानाने लावलेलं.

एक्स्चेंजवाल्याला मंगळवारी यायला सांगितलं. आईने दोन्ही फोन शेजारी ठेवले, जुना चालू केला आणि डोळे मिटून नव्याचा सूर हलके हलके वर नेत राहिली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात मला एकच तानपुरा ऐकू येत होता.