अण्णांची पाठ

गेल्या मे महिन्यात अण्णा गेले. तासगावजवळच्या आमच्या घरी, पहाटे 4 वाजून 10 मिनिटांनी. पक्षाघातानंतर 14 महिने अंथरुणावर होते आणि ते 14 महिने वहिनीने एकटीने काढले. दादा नोकरीला पुण्यात. मी 26 वर्षं वॉर्डात नर्स आहे, पण वडिलांच्या वाट्याला मी फक्त सुट्टीपुरती आले.

श्वास थांबल्याची खात्री झाल्यावर आधी डोळे मिटवले. उघडे राहिले तर बुबुळाशेजारचा पांढरा भाग वाळतो, तिथे तपकिरी-काळी पट्टी उमटते आणि बघणारा दचकतो. मग कवळी बसवायला घेतली. वहिनी म्हणाली, "आता कशाला, वन्सं?" जबडा थोड्याच तासांत ताठतो, उन्हाळ्यात आणखी लवकर. मग कवळी बसत नाही आणि गाल खोल गेलेले दिसतात. कवळी घातल्याशिवाय अण्णांनी कधी कुणाला दार उघडलं नव्हतं. जुन्या धोतराची पट्टी फाडून हनुवटी बांधली.

त्यांचा डावा हात पक्षाघाताने आखडून मूठ झाली होती. ती मूठ त्या पहाटे जराशी सैल पडली. वहिनी तो तळवा हातात घेऊन बसून राहिली. असं होतं, आधी सगळं अंग सैल पडतं. पण स्नायूला सैल सुटायलाही ऊर्जा लागते, ती संपली की तो आहे तिथेच अडकतो. पापण्या, जबडा, मान, मग हातपाय. सात वाजेपर्यंत मान वळेना. चेहरा तोवर मेणासारखा फिकट झाला होता, नाक टोकदार दिसत होतं.

नऊला दादा आला. आत्या त्याच्याआधीच पोचली होती. आंघोळीसाठी अण्णांना कुशीवर वळवलं आणि आत्या किंचाळली, "आगं बया! पाठ बघा की काळीनिळी! काय केलंय माझ्या भावाला?"

अंगणात कुणी बोलेना. वहिनीच्या हातातला तांब्या थरथरत होता. दादाही पाठीकडेच बघत राहिला, आणि ते मला आत्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. हेच वॉर्डातही पाहिलंय: पाठीवरचे डाग दिसतात आणि ज्या सुनेने, ज्या बायकोने सगळं केलं तिच्याकडेच माना वळतात. कुणी सांगायला पुढे होत नाही. म्हणून हे सगळं उघड लिहितेय.

मी आत्याचा हात धरून तिला जवळ बसवलं. "हा मार नव्हे, आत्या. हृदय थांबलं की रक्त फिरत नाही, आपल्या वजनाने खाली उतरतं. अण्णा उताणे होते, म्हणून पाठीत साठलं." जांभळट भागावर अंगठा दाबून धरला. उचलल्यावर पांढरा ठसा राहिला, मग सावकाश रंग परत आला. मार लागून साकळलेलं रक्त असं हलत नाही. मात्र आणखी काही तास गेले असते तर हाही रंग पक्का बसला असता आणि दाबून काही दाखवता आलं नसतं.

"आणि हे पांढरं बघ." खांद्याच्या फऱ्यांवर आणि कुल्ल्यांवर पांढरे पट्टे होते. तिथे अंगाचा भार जमिनीवर टेकला होता, म्हणून रक्ताला शिरायला जागा मिळाली नव्हती. "अंथरुणावरच्या माणसाला बेडसोअर होतात ते पहिल्यांदा ह्याच जागी. 14 महिने पडून होते अण्णा. सोललेलं कातडं दिसतंय कुठे? दर दोन तासांनी कूस बदलायची ही. रात्रीचासुद्धा गजर लावून."

आत्याने त्या पांढऱ्या कातडीवरून बोटं फिरवली. एकदा, मग पुन्हा. दादाने तोंड फिरवलं.

वहिनी तांब्या पुढे करून म्हणाली, "आत्याबाई, पाणी तुम्ही घाला."

आत्याने तिच्या हातासकट तांब्या धरला. "नाही," म्हणाली, "तूच घाल. पहिलं पाणी तुझं."