स्किप मारतील, मॅडम

मागच्या जूनपासून मी आठवड्यातले दोन दिवस व्हिडिओ गेममधली गोष्ट शिकवते. तासिका तत्त्वावर. माझं एम.ए. मराठीचं, त्यात जुनं नाटक हा माझा आवडता पेपर. गेम डिझाइनचा कोर्स चालवणाऱ्या इथल्याच, सांगलीतल्या एका संस्थेला ‘स्टोरी’ शिकवणारं माणूस पाहिजे होतं आणि माझे दोन दिवस रिकामे होते, एवढाच काय तो योग. घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता पोरांना खेळायलाबी शिकवायला लागलं का?"

माझा या क्षेत्रातला पूर्वानुभव म्हणाल तर मारिओ. तोही भावाच्या मालकीचा. टीव्हीला जोडायचा तो डबा, पिवळी कॅसेट, दोन रिमोट. त्यातला दुसरा माझ्या हातात. तो मेला की माझी पाळी, आणि तो मरायचा नाही. त्यामुळे मी खेळले कमी, बघितलं जास्त. प्रत्येक किल्ल्याच्या शेवटी आळिंब्याची टोपी घातलेलं एक बुटकं उभं असायचं आणि वर इंग्रजीत काहीतरी लिहून यायचं. आम्ही जीवन शिक्षण मंदिरवाले; ते अभिनंदन आहे असं धरून चाललो होतो. पुढे आठवीतल्या मावसभावानं वाचून सांगितलं की राजकन्या इथं नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. असे सात किल्ले. सात वेळा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

पहिल्या तासाला मी तयारीनिशी गेले. नमुना म्हणून एका राज्याची पूर्वकथा लिहिली होती, चांगली दोन पानं. शापित तलाव, परागंदा राजपुत्र, सगळं. आवाज लावून वाचली. वर्गात तासगावपासून इस्लामपूरपर्यंतची एकोणीस पोरं, निम्मी एसटीनं येणारी. सगळी शांत. मला वाटलं, रंगली. शेवटच्या बाकावरून एकजण अगदी अदबीनं म्हणाला, "मस्त लिहिलंय. पण स्किप मारतील, मॅडम."

स्किप म्हणजे काय ते त्यानंच दाखवलं. गेम मध्येच थांबतो, सिनेमासारखा प्रसंग चालू होतो, त्याला कटसीन म्हणायचं. कोपऱ्यात एक बटण असतं. लेखकानं महिनाभर घासून लिहिलेलं त्या बटणावर एका सेकंदात जातं. मी पंधरा वर्षं वर्गात शिकवतेय. असं बटण पोरांच्या हातात नव्हतं म्हणून निभावलं, हे त्या दिवशी लक्षात आलं.

मग मी माझ्या पेपरकडे वळले. 1843 साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. आपण सांगलीकर तेवढं सांगून छाती फुगवतो आणि नाट्यपंढरी म्हणून मोकळे होतो. पण ते नाटक चालायचं कसं? पदं सूत्रधार म्हणायचा. आख्यान ठरलेलं. बोलणी मात्र लिहिलेली नसत. ज्याचं त्यानं आयत्या वेळी, समोरचा काय बोलतो ते बघून बोलायचं. राक्षस ‘अललडुर्र’ करत आला की लहान पोरं आईच्या मागं. सीता रामालाच माळ घालणार हे सगळ्यांना ठाऊक, पण आज कसं होतंय ते आज बघायचं. पोरं पहिल्यांदाच पेन काढून बसली. "म्हणजे राक्षस बॉस फाइट झाला की," एकजण म्हणाला. बॉस म्हणजे टप्प्याच्या शेवटी आडवा येणारा मोठा शत्रू. झाला की. आणि सूत्रधार म्हणजे नियम.

थिअरी मी झटपट उरकते. क्लिंट हॉकिंग नावाच्या डिझायनरनं 2007 साली एका गेमवर टीका करताना मांडलेला मुद्दा तेवढा सांगते: गोष्ट एक म्हणते आणि खेळणाऱ्याचे हात भलतंच करतात, तिथं गेम फसतो. त्याचं इंग्रजी नाव एवढं लांबलचक आहे की फळ्यावर लिहिताना खडू मोडला. मी म्हटलं, वैराग्यावर कीर्तन करणाऱ्या बुवांचा एक डोळा आरतीच्या ताटावर असतो, तसं. पुढं समजवावं लागलं नाही.

खरा तास झाला तो ‘पेपर्स, प्लीज’चा. लुकास पोप या एकट्या माणसानं केलेला, 2013 सालचा गेम. तुम्ही सरहद्दीवरचे कारकून. कागद तपासायचे आणि शिक्का मारायचा. जितकी माणसं निस्तराल तितका पगार; त्यातून घरभाडं, जेवण, शेकोटी. प्रोजेक्टरवर कवठे महांकाळची एक मुलगी खेळत होती. एक नवरा आला, कागद चोख. जाताना म्हणाला, मागं माझी बायको आहे, सांभाळून घ्या. बायकोकडे प्रवेशाचा परवाना नाही.

माउस थांबला. "सोड की तिला," मागून आवाज आला. "चूक धरतील," दुसरा म्हणाला. त्या मुलीनं सोडलं, आणि चुकीची नोंद असलेली चिठ्ठी खरंच टेबलावर आली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मॅडम, दाखला काढायला आपण कायम खिडकीच्या भायेर असतो. आत बसल्यावर कसं वाटतंय ते आज कळलं."

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मास्तरकीतली ही सगळ्यात अवघड गोष्ट, मला अजून निम्मीच जमते.

दिवाळीनंतर त्यांना काम दिलं: एकही शब्द न वापरता गोष्ट सांगणारी खोली करा. बहुतेकांनी झपाटलेला वाडा केला. कोळ्याची जाळी, सांडलेलं रक्त. नदीकडच्या गल्लीतल्या एका मुलानं साधीच खोली केली. भिंतीवर छातीच्या वर एक मातकट रेघ. रेघेच्या खाली पोपडे, वर जुना निळा रंग. स्विचबोर्ड रेघेच्या वर हलवलेला. त्याच्याही वर ऑगस्ट 2019 चं कॅलेंडर. सांगलीतल्या माणसाला आणखी काय सांगायचं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 45 फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं.

पुढं त्यानं त्याचा गेमच केला. पाणी चढतंय, वर माळा आहे, दहा वस्तू नेता येतात. एवढंच. मी खेळायला बसले. सातबारा, रेशनकार्ड, दाखले, गॅसची शेगडी, मग टीव्ही, मग मोह आवरेना म्हणून पुस्तकं दोन खेपांत. आठ, नऊ, दहा. स्वतःवर खूष होऊन मागं बघितलं. तो ओट्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होता. तिथं चिनी मातीची बरणी होती, फडकं बांधलेली. पाण्यानं तिला गिळलं.

"आईनं पहिल्यांदा लोणचं वर नेलं होतं," तो म्हणाला. "बाबा ओरडले तिला. नंतर बोट येईपर्यंत चार दिवस भातावर तेच खाल्लं."

"मग बरणीपाशी एखादी ओळ टाक की. आईचं एखादं वाक्य. नाहीतर खेळणाऱ्याला कळणार कसं?"

त्यानं लॅपटॉप मिटला.

"नाही कळलं तर उपाशी राहील, मॅडम."